बँकेच्या लिलावातलं घर स्वस्त का असतं?

वसुलीवाला

पेपरात बारीक टायपात छापलेल्या 'ताबा सूचना' आणि 'विक्री सूचना' वाचून ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतंच, की अमुक ठिकाणी टू बीएचके बाजारभावापेक्षा बराच खाली निघालाय, बोली लावू का? एकेकाला फोनवर सांगण्यापेक्षा इथे एकदाच लिहून टाकतो. माझी नोकरी नागरी सहकारी बँकेच्या वसुली खात्यात झाली, त्यामुळे माझं बघणं टेबलाच्या पलीकडच्या बाजूचं आहे. घेणाऱ्यांचे अनुभव प्रतिसादांत येऊ द्या.

लिलाव हा तास-दोन तासांचा कार्यक्रम आणि सगळ्यात सोपा भाग. भाव पडतो तो त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या कटकटींमुळे. जे काही स्वस्त मिळतं ती त्या कटकटी निस्तरण्याची मजुरी आहे. निस्तरायची तयारी असेल (वेळ, पैसा, वकील, निबर कातडी) तर खुशाल घ्या.

घर लिलावापर्यंत पोचतं कसं ते आधी. हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज. मग २००२ च्या सरफेसी कायद्यातल्या (थकलेल्या कर्जाचं तारण बँकेला स्वतः विकू देणारा कायदा) कलम १३(२) ची नोटीस, तिच्यात ६० दिवसांची मुदत. कर्जदाराने हरकत घेतली तर बँकेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावं लागतं. तरीही पैसे आले नाहीत की कलम १३(४) खाली ताबा. यासाठी दिवाणी कोर्टात दावा लावावा लागत नाही, सगळं बँकेचा 'प्राधिकृत अधिकारी' करतो. ताबा घेतला की दारावर नोटीस डकवायची आणि सात दिवसांच्या आत दोन वर्तमानपत्रांत छापायची, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. सहकारी बँकांना हा कायदा लागू होतो की नाही यावर बरीच वर्षं घोळ होता. मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मे २०२० मध्ये 'होतो' असं सांगून तो मिटवला.

पुढे मान्यताप्राप्त व्हॅल्युअरकडून मूल्यांकन होतं, त्यावरून राखीव किंमत ठरते. विक्री सूचना आणि विक्री यांत पहिल्या वेळी ३० दिवस हवेत. लिलाव फसला आणि पुन्हा ठेवायचा झाला तर १५ दिवस पुरतात. बोलीआधी इसारा रक्कम भरायची, ती बहुधा राखीव किमतीच्या १० टक्के असते. लिलाव आता बहुतेक ऑनलाइनच होतात. सरकारी बँकांच्या मालमत्ता 'बँकनेट' पोर्टलवर एकत्र दिसतात. बोली ठरलेल्या टप्प्यानेच वाढवता येते, आणि अगदी शेवटच्या मिनिटांत कुणी बोली लावली की वेळ आपोआप पुढे सरकते. म्हणून शेवटच्या सेकंदाला बाजी मारू हा विचार डोक्यातून काढा.

बोली तुमच्या नावावर थांबली की २५ टक्के रक्कम (इसारा धरून) त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी. विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत उरलेले ७५ टक्के. मग विक्री प्रमाणपत्र, त्यावर मुद्रांक शुल्क तुमचं. किंमत ५० लाख किंवा वर असेल तर १ टक्का टीडीएसही तुम्हीच कापून भरायचा.

विचारा काय विचारायचं ते.

सायली_डोंबिवली

काका, फार गरजेचा धागा. आम्ही ज्या फ्लॅटचा विचार करतोय त्याच्या जाहिरातीत ताब्याच्या रकान्यात 'सांकेतिक' लिहिलंय. बँकेतला मुलगा म्हणाला, "मॅडम, ती फक्त फॉर्मॅलिटी राहिलीये."

वसुलीवाला

सायलीताई, त्या मुलाला टार्गेट असतं.

सांकेतिक ताबा म्हणजे दारावर कागद लागलाय आणि आत कुटुंब राहतंय. किल्ली बँकेकडे नाही. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँकेने कलम १४ खाली अर्ज करायचा. मुंबईत तो मुख्य दंडाधिकाऱ्यांकडे जातो, तुमच्याकडे ठाण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे. कायद्यात आदेशासाठी ३० दिवस आहेत, कारणं नोंदवून एकूण ६० पर्यंत. पण आदेश निघणं वेगळं आणि तहसील कार्यालयाची माणसं, पोलीस बंदोबस्त आणि बँकेचा अधिकारी एकाच सकाळी तुमच्या मजल्यावर उभे राहणं वेगळं. निवडणूक लागली, सण आले की बंदोबस्त मिळत नाही. घरात आजारी माणूस किंवा परीक्षेला बसलेलं मूल असलं की पथक परत फिरतं, आणि फिरलेलं बरंही वाटतं.

या काळात तुमचे पैसे बँकेत जमा असतात, ७५ टक्क्यांसाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता सुरू असतो आणि राहत्या घराचं भाडंही चालू असतं. माझं स्पष्ट मत : पहिलंच घर घेत असाल तर जाहिरातीत 'प्रत्यक्ष ताबा' असल्याशिवाय वाटेलाच जाऊ नका. सांकेतिक ताब्यातली मालमत्ता हा धंदेवाल्यांचा प्रांत आहे.

टवाळखोर

म्हणजे फर्निश्ड फ्लॅट, माणसांसकट.

चांदवडकर

अवांतर होईल, पण लिलाव म्हटलं की आम्हाला कांदाच आठवतो. लासलगाव असो की पिंपळगाव, तिथला प्रकार याच्या बरोब्बर उलटा. ट्रॅक्टर-पिकअपच्या रांगा, बाजार समितीचा माणूस पुकारतो, व्यापाऱ्यांचा घोळका एकेका गाडीपाशी येतो, मूठभर कांदा हातात घेऊन बघतो आणि क्विंटलचा भाव काही क्षणांत ठरतो. वजन नंतर काट्यावर. माल समोर, मालक समोर, घेणारा समोर. लपवायला जागाच नाही. पूर्वी कित्येक बाजारांत रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा, शेतकऱ्याला कळायचंच नाही कोण किती म्हणालं. उघड लिलाव त्याच्यासाठीच आले.

आणि भाव पटला नाही तर शेतकरी सौदा नाकारू शकतो. गाडी वळवून घरी नेणं परवडत नाही हा भाग वेगळा. बँकेच्या लिलावात ज्याचं घर जातं त्याला 'नाही' म्हणता येतं का?

वसुलीवाला

@चांदवडकर, तुम्ही म्हणता ते 'नाही' राखीव किमतीतून येतं. तिच्याखाली विकायचं झालं तर कर्जदार आणि बँक दोघांची संमती लागते. म्हणूनच मूल्यांकनाची तारीख बघा. मूल्यांकन जुनं किंवा फारच खाली असेल तर कर्जदार त्याच मुद्द्यावर कर्जवसुली न्यायाधिकरणात जातो आणि तुमची खरेदी तारखांमध्ये अडकते. राखीव किंमत बघून ज्याला लॉटरी लागल्यासारखं वाटतं, त्याने तर आधी हेच तपासावं.

मृण्मयी

सगळा धागा घेणाऱ्याच्या बाजूने चाललाय म्हणून लिहिते. माझ्या मामांचं घर असंच गेलं. बँकेचं नाव घेत नाही. कारखान्यात टाळेबंदी झाली, त्यात मामींचं आजारपण, हप्ते थकले. ते बुडवे नव्हते. नोटिसा येत होत्या पण भीतीने लिफाफे फोडायचेच नाहीत, देवघराच्या फळीवर रचून ठेवायचे. ताबा घ्यायला आले त्या दिवशी आम्हाला कळलं. त्यानंतर एक गृहस्थ 'खरेदीच्या आधी घर बघायला' म्हणून आले, स्वयंपाकघराच्या भिंती ठोकून बघत होते आणि मामी तिथेच भाजी चिरत होत्या.

घेऊ नका असं मी म्हणत नाही. कुणीतरी घेणारच. पण कर्जदाराला त्या क्षणी काय करता येतं तेही कुणीतरी लिहा.

अॅड_रोहिणी

मृण्मयी, तुम्ही लिहिलंत हे बरं केलंत. लिफाफे न फोडणं मी पदोपदी बघते, आणि त्यातच सगळ्यात जास्त नुकसान होतं.

१३(२) ची नोटीस आली की ६० दिवसांत लेखी हरकत द्यायची. व्याज चुकलंय, भरलेले हप्ते जमा नाहीत, जे असेल ते कागदावर. तोंडी विनंतीला किंमत नाही. ताबा घेतला, सांकेतिक का असेना, तर ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात म्हणजे डीआरटीत कलम १७ चा अर्ज. आणि शक्य असेल तर स्वतः गिऱ्हाईक शोधून बँकेच्या संमतीने घर विकून टाकायचं. लिलावापेक्षा चार पैसे जास्तच येतात. बँकाही याला बहुधा तयार होतात, त्यांना घर नको असतं, पैसे हवे असतात.

पूर्वी कर्जदार शेवटच्या घटकेपर्यंत, अगदी विक्री प्रमाणपत्र होईपर्यंत, पैसे भरून घर सोडवू पाहायचे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर कलम १३(८) बदललं. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'सेलिर एलएलपी विरुद्ध बाफना मोटर्स' या निकालात स्पष्ट सांगितलं की लिलावाची सूचना प्रसिद्ध झाली की तो हक्क संपला. ते प्रकरण नवी मुंबईतल्या जमिनीचं होतं. लिलावात १०५.०५ कोटींची बोली लागली होती, नंतर कर्जदार १२९ कोटी भरायला तयार झाला आणि उच्च न्यायालयाने त्याला परवानगीही दिली. सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द करून लिलावातल्या खरेदीदाराच्या बाजूने निकाल दिला. जास्त पैसे येत होते तरीही. कारण बोली लावून पैसे भरल्यावर कुणीतरी मागून येऊन सौदा मोडू शकतो असं झालं, तर लिलावाला येणार कोण?

तेव्हा कर्जदाराची खरी मुदत पेपरातल्या विक्री सूचनेपर्यंत, लिलावाच्या दिवसापर्यंत नाही.

आणि मामांना लिलावानंतर बँकेकडून हिशेब मिळाला होता का? देणं आणि खर्च वजा जाता उरलेली रक्कम कर्जदाराची असते. पुष्कळ जण शरमेपोटी मागायलाच जात नाहीत.

मृण्मयी

नव्हता मिळाला. विचारते मामांना. धन्यवाद.

अर्धाकप

रोहिणीताई, एक बाळबोध शंका. बोली लावली, मग घरी येऊन बायकोला सांगितलं आणि ती नाही म्हणाली. तर?

अॅड_रोहिणी

:) बायकोला आधी विचारा.

साध्या वस्तूंच्या लिलावात १९३० च्या मालविक्री कायद्याप्रमाणे हातोडा पडेपर्यंत बोली मागे घेता येते. हातोडा पडला की सौदा पुरा. बँकेच्या ई-लिलावात अटी वाचून होकाराची खूण केल्याशिवाय आतच घेत नाहीत, आणि त्या अटींत लावलेली बोली मागे घेता येत नाही. २५ टक्के भरून उरलेले भरले नाहीत तर भरलेली सगळी रक्कम जप्त होते आणि घर पुन्हा विक्रीला. सेंट्रल बँक विरुद्ध षण्मुगवेलू प्रकरणात बोली १२ कोटी २७ लाखांची होती, म्हणजे २५ टक्के झाले ३ कोटी ६ लाखांच्या वर. बँकेचं खरं नुकसान तेवढं झालं नसताना सगळे कसे ठेवता, असा खरेदीदाराचा मुद्दा. उच्च न्यायालयाला तो पटला होता. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्ण जप्ती योग्य ठरवली.

पिंट्या_सातारा

१५ दिवसांत ७५ टक्के आणायचे कुठून? मला तर साध्या होमलोनला महिना लागला होता.

वसुलीवाला

पिंट्या, लोक आपटतात ते इथेच. बँकेने लेखी संमती दिली तर मुदत वाढते, पण एकूण तीन महिन्यांच्या पलीकडे नाही. ती वाढ हा तुमचा हक्क नव्हे. म्हणून कर्जाची तत्त्वतः मंजुरी बोलीच्या आधी खिशात हवी. लिलाव करणारी बँकच कर्ज देत असेल तर उत्तम, तिला कागद नव्याने तपासावे लागत नाहीत. दुसरी बँक मूळ करारनामे मागते, आणि ते विक्री पूर्ण होईपर्यंत पहिली हातात देत नाही. या ओढाताणीत पंधरवडा कधी सरतो कळत नाही.

सायली_डोंबिवली

सोसायटीची थकबाकी कोण भरतं? जाहिरातीत 'ज्ञात भार' म्हणजे घरावरच्या बाकी देण्यांपुढे 'माहीत नाही' असं छापलंय. कर्ज थकवणाऱ्याने मेंटेनन्स तरी कुठला भरलाय म्हणा.

केळकरकाकू

सायली, मी आमच्या सोसायटीची सेक्रेटरी आहे. आमच्याकडे एक फ्लॅट असा विकला गेला. खरं सांगते, नव्या मालकाकडून थकबाकी घेतल्याशिवाय शेअर सर्टिफिकेटवर नाव चढवायला कुठलीच कमिटी राजी नसते. उपविधींप्रमाणे थकबाकीवर सरळव्याजाने वर्षाला २१ टक्क्यांपर्यंत व्याज लावता येतं, त्यामुळे आकडा बघून धक्का बसतो. बोलीच्या आधी सोसायटीच्या ऑफिसात जा आणि येणं किती ते लेखी माग. आमच्या त्या खरेदीदाराने यातलं काही विचारलं नव्हतं, मग रोज माझ्या दारात. मला काय हौस होती?

अॅड_रोहिणी

काकूंचं बरोबर आहे. विजेचंही तसंच. २०२३ च्या के. सी. नैनन निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय, की 'जसे आहे, जेथे आहे' या अटीवर घेतलेल्या जागेला नवी जोडणी देताना वीज कंपनी नियमांनुसार जुन्या मालकाची थकबाकी मागू शकते. घरगुती मीटरवर फरक थोडा पडतो. बंद पडलेला कारखाना किंवा पॉवरलूमचा गाळा घेत असाल तर मात्र तो आकडा राखीव किमतीच्या जोडीने मांडूनच हिशेब करा. शिवाय मालमत्ता कर, जीएसटी-व्हॅटची जप्ती, कामगारांचा भविष्यनिर्वाह निधी. बँक 'माहीत नाही' लिहून मोकळी होते.

जुनाखेळाडू

इतकं घाबरवू नका लोकांना. मी यातून गाळे घेतलेत, आजही घेतो. नवख्याला दिसत नाही ते सांगतो. पहिल्या लिलावाला आम्ही जातच नाही. राखीव किंमत चढी असते, कुणी येत नाही, लिलाव फसतो. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी बँक किंमत उतरवते, तेव्हा बघायचं. वर रोहिणीताईंनी सांगितलेली नवी मुंबईची जमीन नवव्या प्रयत्नात विकली गेली होती.

टवाळखोर

आणि तुम्ही चार जण आधी चहा पीत ठरवता की या वेळी कुणी बोली लावायची.

जुनाखेळाडू

हॉलमध्ये लिलाव व्हायचे तेव्हा चालायचं हे. एकमेकांची तोंडं दिसायची, नजरेनंच कळायचं. ऑनलाइनमध्ये समोर कोण आहे तेच दिसत नाही. मुंबईचा गाळा कुणीतरी इंदुरात बसून उचलतो. आमचा धंदा त्याने निम्मा झाला, तुमच्या दृष्टीने चांगलंच.

वसुलीवाला

जुनाखेळाडू प्रामाणिक आहेत. साखळी करून भाव दाबायचे प्रकार आम्हीही पाहिलेत, राखीव किंमत नसती तर मालमत्ता मातीमोल गेल्या असत्या. पण 'थांबा, किंमत उतरेल' हा सल्ला सगळीकडे चालत नाही. चांगल्या सोसायटीतलं, प्रत्यक्ष ताब्यातलं घर पहिल्या फेरीतच जातं. तिसऱ्या फेरीपर्यंत जे उरतं ते का उरलं याचा शोध घ्या.

खटावकर

आमच्या गावच्या पतसंस्थेचा लिलाव आहे, एका दुकानगाळ्याचा. नोटिशीत 'नियम १०७' लिहिलंय, सरफेसीचा उल्लेख नाही. सगळं हेच लागू ना?

वसुलीवाला

नाही, हा हिशेब निराळा. पतसंस्था महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यातल्या कलम १०१ चा वसुली दाखला घेते आणि महाराष्ट्र सहकारी संस्था नियम, १९६१ मधल्या नियम १०७ ने जप्ती-लिलाव करते. तिथे राखीव किमतीला 'अपसेट प्राइस' म्हणतात, तिला निबंधक कार्यालयाची मान्यता लागते. बोली संपताच १५ टक्के भरायचे, बाकीचे १५ दिवसांत. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लिलावानंतर ३० दिवसांच्या आत कर्जदाराने सगळं देणं आणि वर खरेदी किमतीच्या ५ टक्के रक्कम भरली तर लिलाव रद्द होतो, आणि ते ५ टक्के तुम्हाला मिळतात. म्हणजे महिनाभर तरी गाळा आपला झाला असं समजू नका, रंगकाम काढू नका. रोहिणीताईंनी सांगितलेलं 'सूचना छापली की हक्क संपला' हे इथे लागू नाही.

खटावकर

बरं झालं विचारलं. आणि शेतजमीन?

अॅड_रोहिणी

तारण शेतजमीन असेल तर सरफेसी लागत नाही, कलम ३१ मध्ये तसं स्पष्ट आहे. मात्र सातबाऱ्यावर 'शेती' आणि प्रत्यक्षात वर गोदाम, असं असेल तर नुसत्या सातबाऱ्यावर भागत नाही, जमिनीचा वापर काय होता ते न्यायालय बघतं. त्यामुळे जाहिरातीत गट नंबर दिसला की बिनशेती आदेशाची प्रत मागा.

सायली_डोंबिवली

काल त्या फ्लॅटवर जाऊन आलो. दार उघडणारे म्हणाले, आम्ही मालक नाही, भाडेकरू आहोत, पाच वर्षांचा करार आहे. बँकेतला मुलगा म्हणतो, त्याचं काही चालत नाही. खरं काय?

अॅड_रोहिणी

तारखा बघायच्या. घर गहाण पडलं कधी, करार झाला कधी, तो नोंदवलेला आहे का. गहाणाच्या आधीचा नोंदणीकृत भाडेकरार असेल तर मुदत संपेपर्यंत भाडेकरूला संरक्षण मिळू शकतं. १३(२) ची नोटीस मिळाल्यावर बँकेच्या लेखी संमतीशिवाय कर्जदाराला घर भाड्याने देता येत नाही, त्यामुळे नंतरचा करार टिकत नाही. तोंडी करार किंवा साध्या कागदावर लिहिलेला, यांना फारसा आधार नाही. मुंबईतल्या जुन्या पागडीच्या भाडेकरूंची गोष्ट वेगळी. भाडेनियंत्रण कायद्याचं संरक्षण सरफेसीने संपत नाही असं सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्येच म्हटलंय. तुमच्याकडे करार पाच वर्षांचा आहे, म्हणजे नोंदणी असायलाच हवी. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर इंडेक्स टू (नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा) शोधा, पाच मिनिटांचं काम.

सायली_डोंबिवली

शोधलं. करार नोंदवलेला आहे, आणि तारीख गहाणाच्या आधीची. सोडून देतोय हा फ्लॅट. काका, प्रत्यक्ष ताब्यातलं कल्याण-बदलापूर पट्ट्यात काही दिसलं तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.